गाऊन नाचणारी

शाहूपुरी, कोल्हापूर
रविवार, १९ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

जयभीम. तू बरी असशील. थंडीनं गुडघा धरत असेल आणि तू वीट तापवून शेकत असशील, हे इथं बसून दिसतंय मला. मी बरी आहे. खाऊनपिऊन आहे.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी मेलेलं नाही. माझा फोन बिघडलाय. समोरच्याला माझा आवाजच जात नाही, म्हणून लिहिते. याआधी पत्र म्हणून मी एकच लिहिलंय, शाळेत, मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज, तोही फळ्यावरचा उतरवून. त्यामुळं चुकलंमाकलं सांभाळून घे आणि सावकाश अक्षर लावत तूच वाच. शेजारच्या सोनलकडनं वाचून घेऊ नकोस. पोरगी गुणाची आहे, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

खोली परत बदलली. आता मोटारीचे स्पेअरपार्ट विकणाऱ्याच्या दुकानावर राहते. दिवसभर खालनं ठोकाठोकी, पण भाडं परवडतं आणि गच्चीवर ऊन चांगलं येतं. एका जागी माझं बूड टिकत नाही हे तू सगळ्यात आधी ओळखलंस. इचलकरंजीच्या ऑर्केस्ट्रात टिकलं नाही, पुण्यात टिकलं नाही. पुण्यात तर मी 'मी जातो, मी येतो' म्हणाले की पोरी खिदळायच्या. त्यांना वाटायचं मी पुरुषासारखं बोलते. मी म्हणायची, आमच्याकडं असंच बोलतात, तुमच्या का पोटात दुखतंय? हे लिहिताना मात्र शाळेतल्या बाई आठवतात आणि हात आपोआप 'जाते, येते' लिहितो.

काय सांगत होते? हां, आमच्या लावणीच्या पार्टीतली माणसं. गणपतीमामा ढोलकीवर आहेच. तुझ्यामागं उभं राहून वाजवायचा तसाच अजून डोळे मिटून वाजवतो. तुझी आठवण काढतो. म्हणतो, "आक्काताईसारखी एकाच दमात गाणारी आन् नाचणारी बाई आता व्हायची न्हाय." मी समोर बसलेली असते तरी म्हणतो. मॅनेजर आदर्श. नावच तेवढं आदर्श आहे. आणि साउंडवाला सम्मेद, शिरोळकडचा जैनाचा पोरगा. कुठंही कार्यक्रम असू दे, हा सूर्य बुडायच्या आत स्पीकरच्या खोक्यावर डबा उघडून जेवून घेतो. एकदा रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या, अंधार पडला, तर गडी डबा मांडीवर घेऊन तसाच उपाशी बसला. मी म्हणाले, "अरे कोण बघतंय?" तर म्हणाला, "मी बघतोय की."

सीझन जोरात आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे कार्यक्रम. आता हळदीकुंकवाला लावणी असते, तुला पटायचं नाही. ज्याला निवडणुकीला उभं राहायचंय तो मंगल कार्यालय घेतो, बायकांना वाण म्हणून प्लास्टिकचा टब देतो आणि वर आमची पार्टी. 'फक्त महिलांसाठी'. नवरे बाहेर गाड्या राखत बसतात. तू जन्मभर पुरुषांपुढं नाचलीस मावशी, एकदा या बायका बघायला पाहिजे होत्यास. दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारतात. एकजण तर वाणाचा टबच बडवत होती, आणि ताल बरोबर होता तिचा.

शुक्रवारी असाच एक कार्यक्रम झाला. बरा झाला.

दुपारी ऊन फार लागतं सध्या. थंडी पण आहे आणि ऊनपण.

मावशी, खरं सांगायचं तर तुझ्या कानावर आलंच असेल. सोनलनं तुला तो व्हिडिओ दाखवला असेल. सगळीकडं फिरतोय. तो छोट्या पडद्यावर, चष्मा नसताना बघण्यापेक्षा तू माझ्या हातचं वाचलेलं बरं. म्हणून सगळंच लिहिते. फोन बिघडलेला नाही. फोन चांगला आहे.

दिवाळीत तू मला म्हणालीस, "गळा ओढून गातीयास. घरला ये चार दिस." मी म्हणाले सीझन आहे, आणि फोन ठेवला. तुला फोनवर जे कळलं ते मला दसऱ्यापासनं माहीत होतं. वरचा सूर लावायला गेले की आवाज चिरायचा. ज्येष्ठमध चघळलं, हळदीचं दूध झालं. एकदा सूर गेला तर आदर्शनं दोष माइकवर ढकलला. मग तोच म्हणाला, "सम्मेदकडं तुझी गेल्या वर्षीची गाणी हायत न्हवं? ती लाव. तू नुसतं तोंड हलीव. कोण बघायला येतंय?"

सम्मेदनं गेल्या वर्षी माझी गाणी घेतली होती, मोबाइलवर टाकायला. तेव्हा गळा कसा लागायचा. तर दिवाळीनंतर मी त्या आवाजावर नाचायला लागले. माइक हातात, पण बंद. पोस्टरवर अजून 'स्वतः गाऊन नाचणारी सोनम'. लोक त्यासाठीच बोलावतात. नुसत्या नाचणाऱ्या पोरी ढिगानं आहेत.

फसवलं म्हणशील. पण तो आवाज माझाच होता ना? असं मी स्वतःला रोज सांगायची.

आता शुक्रवारचं. तुझी ती लावणी सुरू होती, 'वाट बघून वात सरली, आता उजेड मागू नका'. तू शिकवलंस तसंच करत होते. पहिल्यांदा रागानं. तू त्या ओळीवर डावा हात कपाळाला नाही, मानेला लावतेस, तसा लावला. पहिल्या ओळीत एक म्हातारी बसलेली, काठी मांडीवर आडवी. बनाबाई. नाव मागनं कळलं. तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मला दिसलं की ही आता ओळ परत मागणार. तूच सांगायचीस, ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघत गा, मागणं आधी तोंडावर येतं, जिभेवर नंतर. आणि ती म्हणालीच, "व्हय पोरी, ती वळ परत घे की."

मी थांबले.

मावशी, मी सहा-सात वर्षांची असल्यापासनं तू मला शिकवलंयस की मागणं आलं की पाय थांबवायचा, ढोलकीकडं हात करायचा आणि ओळ नव्या रंगानं परत उचलायची. रागानं झाली की लाडानं, लाडानं झाली की थकून. अंगात भिनलंय ते. मी हात केला. गणपतीमामापण जुना माणूस, हात दिसला की थांबतो, तोही थांबला. मी थांबलेले, मामा थांबलेला, आणि माझा आवाज पुढं चाललेला. छान चालला होता. पुढचा अंतरा घेतला त्यानं, मुरकी घेतली. मी तोंड मिटून त्याच्याकडं बघत उभी, एस्टी चुकलेल्या माणसासारखी.

मघाशी लिहिलं ती टबवाली इथलीच, पहिल्यांदा ती हसली. मग सगळं कार्यालय. फोन वर झाले. आदर्श पडद्यामागनं "नाच, नाच" ओरडतोय. आणि सम्मेदला वाटलं, मला ओळ खरोखर गळ्यातनं घ्यायची आहे. त्यानं चांगल्या मनानं गाणं बंद केलं आणि माझा माइक उघडला.

मी तोंड उघडलं. वाटलं, एक ओळ तर निघेल. जे निघालं ते पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. तेवढ्या मोठ्या स्पीकरमधनं. व्हिडिओत तेच आहे. त्याच्या पुढचं कुणी काढलेलं नाही.

पुढचं असं झालं, की हसणं आपोआप बसलं आणि बनाबाई काठी टेकत उठली. मागं वळून म्हणाली, "गप बसा गं. पोरीचा गळा गेलाय, दिसंना व्हय?" पायऱ्या चढता येईनात तर मला खाली बोलावलं. मी गेले. तिनं हात धरला आणि विचारलं, "आक्काताईची कोण तू?" मी बोटानं तोंडाकडं खूण केली. "असू दे. मानंला हात लावलास तवाच वळकलं. ती एकलीच तसा लावायची." तिनं तुझी ती ओळ कुरुंदवाडच्या जत्रेत ऐकली होती, लग्नाआधी, भावाबरोबर. म्हणाली, तिसऱ्यांदा तू ती अशी घेतलीस की शेजारचा पोलीस टोपी काढून बसला.

मग तिनं पदराच्या गाठीतला तिळगूळ काढून माझ्या हातावर ठेवला. ठेवताना तिच्या तोंडातनं सवयीनं "तिळगूळ घे, गोड..." एवढं आलं आणि ती थांबली. म्हणाली, "न्हाय, तू आता बोलूच नगं बाई. गप ऱ्हा थोडं दिस."

मिरजेचा डॉक्टर हेच म्हणाला होता. त्याला मी डिसेंबरातच दाखवलंय, तुला सांगितलं नाही. गळ्याच्या पडद्यावर गाठ आहे. वाईट रोगाची नाही, घाबरू नकोस. पण काढावी लागेल. त्याच्या आधीही मौन, नंतरही मौन. कुजबूजसुद्धा नाही, त्यानं म्हणे जास्त ताण येतो. आवाज येईल म्हणाला. तोच येईल का विचारलं तर कागदावर काहीतरी लिहीत बसला.

बुधवारी ऑपरेशन ठरलंय. सम्मेद गाडीनं सोडतो म्हणालाय. शुक्रवारपासनं तो माझ्याशी बोलताना स्वतःच हळू बोलतो, जसं काय त्याचाच गळा बसलाय. आदर्शनं पोस्टर उतरवलं. शिव्या दिल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

आता जे लिहायला कागद घेतला ते लिहिते. दोनदा लिहून खोडलंय.

तुझा गुडघा गेला तेव्हा मी लहान होते, पण मला आठवतंय. लोक घरी यायचे, म्हणायचे, "आक्काताई, बसून म्हणा, बैठकीची म्हणा, आम्हाला चालतंय." जयंतीला वस्तीतली माणसं आली. नाचतेस म्हणून वर्षभर नाक मुरडायची, पण जयंतीला भीमगीत तुझंच पाहिजे असायचं. त्यांनापण तू परत पाठवलंस. दारात उभी राहून म्हणालीस, "अर्धी आक्काताई कुणाला दाखवू?" आणि त्या दिवसापासनं तू घरात गुणगुणलीसुद्धा नाहीस. भाकरी थापताना नाही, शेतात भांगलायला गेलीस तर बांधावर नाही. गळा साबूत असताना. मला शिकवलंस तेसुद्धा बोलून, टाळी देऊन, हाताच्या खुणेनं. तुझी ती ओळ मी तुझ्या तोंडून कधी ऐकलेलीच नाही मावशी. बनाबाईनं ऐकलीय. त्या पोलिसानं ऐकलीय.

मी तुझ्याकडनं हेच शिकले, की दोन्ही असेल तर माणूस, एक गेलं की दार लावायचं. म्हणून मी दिवाळीत आले नाही. म्हणून आवाज बाहेरनं लावून नाचत राहिले. अर्धी झाले हे तुला कळू नये म्हणून. तू रागावशील याची भीती नव्हती. तू काही न बोलता स्वतःच्या शेजारी मला बसवशील, आणि आपण दोघी तशाच गप बसून राहू, त्याची होती.

पण आता दमले मी. गावं बदलायला दमले, खोल्या बदलायला दमले. शुक्रवारी तो माझा आवाज माझ्याशिवाय निघून गेला तेव्हा खरं सांगू, पहिल्यांदा बरंच वाटलं. वाटलं, जा बाबा तू, मी बसते जरा.

तर मी येते. ऑपरेशन झालं की सरळ तिकडंच. एक मागते, त्याला नाही म्हणू नकोस. मी गप असेपर्यंत तू गायचंस. उभं राहायचं नाही, नाचायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. चुलीपुढं बसून, तांदूळ निवडत, कसंही. ती 'वात सरली'ची ओळ. मी समोर बसून ऐकीन. परत पाहिजे असली तर मला म्हणता येणार नाही, मी नुसतं तुझ्या तोंडाकडं बघीन. तुला कळेल.

अर्धी तू आणि अर्धी मी. हे मी जुळवून लिहीत नाही, मला दुसरं सुचत नाही.

गणपतीमामानं नमस्कार सांगितलाय. त्याला यायचं होतं, मी हातानंच नको म्हणाले. पहिल्यांदा मला एकटीला ऐकायचंय.

शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचेन. तू दार लावून बसलेली असशील. कडी वाजली की आतनं "कोण हाय?" विचारशील. उत्तर आलं नाही तर परत विचारू नकोस. उठ, गुडघा सांभाळ, आणि दार उघड.

तुझीच,
दारात गप उभी असलेली
सोनम