माळरान, क्रमांक नऊ

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सांगली

१. सकाळी दहाला ‘माळरान’ मालिकेतली आठही चित्रं पेट्यांतून काढली. सही: मानसिंग इंगळे, वडूज. साल २०१२ ते २०१८.
२. प्रत्येकाच्या मागच्या दुमडीतून टाचणीच्या डोक्याएवढा, रंगाखालच्या अस्तराचा कण घेतला.
३. सरसाची चाचणी. सरस असता तर जांभळा रंग आला असता. आठपैकी एकातही आला नाही.
४. आयोडीनचा थेंब. आठही निळेकाळे. म्हणजे पिठाची खळ.
५. दुसऱ्या चित्राच्या रंगात ब्रशचा एक केस अडकलेला. भिंगाखाली पाहिला – नायलॉन.
६. मानसिंग इंगळे म्हणजे आबा, माझे वडील. त्यांनी कॅनव्हासला कायम सरस लावला आणि डुकराच्या केसांचेच ब्रश वापरले.
७. कोणाला सांगितलेलं नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

प्रदर्शन ३१ तारखेला. माझा तांत्रिक अहवाल २७ पर्यंत हवा. प्रदर्शन मांडणाऱ्या वीरधवलने भिंतीवर लावायचा मजकूर पाठवला – आबा एका बाजूला, कल्लाप्पा मगदूम दुसऱ्या.

आबा: फौजीचा मुलगा, खटावचा कोरडा माळ, उभं राहून सुरीने रंग ओरबाडणारे. कल्लाप्पाकाका: सांगलीच्या हळद व्यापाऱ्याचा मुलगा, जैन, चटईवर बसून पातळ थरांत कृष्णेचे रिकामे घाट काढणारे. मुंबईला एका खोलीत राहून शिकले. २०१२ मध्ये भांडले, पुन्हा तोंड पाहिलं नाही. त्याच साली आबांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला.

वीरधवल लिहितो: “इथून मगदूम आटत गेले आणि इंगळे डाव्या हाताने शिखरावर पोचले.”

वाक्य चांगलं आहे. फोनवर म्हणाला, “मुलगीच अहवाल लिहिते म्हणून लोक बोलतील. पण तुझ्याइतकं कोरडं कोण लिहिणार?”

सरस म्हणजे उकळलेली कातडी आणि हाडं. तो टाळून खळ लावणारा चित्रकार मला एकच माहीत आहे.

गुरुवार, ९ जानेवारी

कल्लाप्पाकाकांकडे गेले. वय ७९. गुणमालाकाकूंनी दार उघडलं आणि आधी वेळ सांगितली – “साडेपाच वाजले. दिवस मावळायच्या आत जेवून घे, मग काय ते बोला.” जेवले.

मी चाचणीचा कागद पुढे ठेवला. काकांनी चष्मा लावला नाही.

“तुझा बा शेजारी खुर्ची टाकून बसायचा. मी काढायचो, तो शिव्या द्यायचा. ‘हितं ओरबाड रं. वाण्या, हळद तोलतोयस काय?’ असं.”

“दवाखान्याला म्हणून यायचे ते?”

“दर पंधरवड्याला. सात वर्सं.”

“आणि भांडण?”

“ते त्यानंच उठीवलं. भांडलेल्या माणसावर कोण संशय घेतंय?”

“सही?”

“त्याची. डाव्या हातानं. तेवढी एक गोष्ट मी केली न्हाई.”

मी विचारलं, तुमची स्वतःची चित्रं का थांबवलीत. ते म्हणाले, “माझी नदी काढून झाली व्हती. त्याचा माळ ऱ्हायला व्हता.” मग हात जोडले. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाने मला हात जोडले. “लिहू नकोस पोरी. मेलेल्या माणसाचा हात दुसऱ्यांदा कशाला तोडतीस?”

“आबांच्या मातीला का आला नाहीत?”

यावर काकूच बोलल्या. “एस्टी स्टँडापतोर गेले व्हते. परत आले.”

शुक्रवार, १० जानेवारी

अहवालाचा मसुदा उघडला. ‘अस्तर’ या रकान्यात काही लिहिलं नाही.

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवते. भाऊबीज, ९ नोव्हेंबर २०१८. मी लखनौहून आले होते, चित्रसंवर्धनाचं शेवटचं वर्ष. वडूजच्या घरात दोन कॅनव्हास भिंतीला टेकवलेले. आबा म्हणाले, “बघ, तुझ्या शिक्षणाचा उपेग हुंदे.”

मी आठव्या माळरानाकडे बोट दाखवलं. मी म्हणाले, हे तुमचं आयुष्यातलं सर्वोत्तम. हाताच्या आजाराआधीचं एकही याच्या जवळ येत नाही. दुसऱ्याबद्दल मी म्हणाले, हे बाहेर दाखवू नका. रेषा थरथरते आहे, रंग चिखल झालाय. कुणा विद्यार्थ्याचं आहे का?

“व्हय,” आबा म्हणाले. “विद्यार्थ्याचंच हाय.”

तेव्हा मला वाटलं, मी नेमकं बोलले.

आता कळतं, त्यांच्या तोंडावर मी कल्लाप्पाकाकांच्या हाताची स्तुती केली.

रविवार, १२ जानेवारी. वडूज

आईला सगळं सांगितलं. ती पावटा सोलत होती, थांबली नाही.

“मला ठावं हाय.”

“काकांनी सांगितलं?”

“मला कोण सांगतंय? लग्न झाल्यापास्नं सरस मी शिजवायची. चुलीवर, परड्यात. वास असा की शेजारच्या रेश्माची सासू म्हणायची, राहीबाई, कुनाचं मढं शिजवतीस गं? हात गेला आन् सरस बंद झाला. तरी चित्रं येत्यातच. बिनमिठाची भाजी कुनाच्या घरची, ते बाईला कळत न्हाई व्हय?”

“बोलली का नाहीस?”

“सांगलीहून यायचे तवा जेवायचे पोटभर. इतर दिशी अर्धी भाकर. मी कशाला बोलू?”

पावटा संपला. टरफलं गोळा करताना म्हणाली, “एकदाच परत शिजवला. शेवटच्या दसऱ्याला. म्हनले, थोडाच कर, एका कापडापुरता. सोता ढवळत बसले डाव्या हातानं.”

“कोणत्या कापडापुरता?”

“ते काय कपाटामागं. तुझी भाऊबीज झाली आन् त्येंनीच तोंड भिंतीकडं करून ठेवलं. मी हलीवलं न्हाई.”

सोमवार, १३ जानेवारी. वडूज

आईने पत्र्याचा डबाही दिला. आबांच्या रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती पाकिटांवर तारखा घालायची, एका गोळीला एक.

नोव्हेंबर २०१८ ची पाकिटं. १ ते ९ च्या जागा रिकाम्या. १० पासून सगळ्या गोळ्या जागेवर.

आबा २ डिसेंबरला गेले. दुसरा झटका. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं.

“तू पाहिलं नव्हतंस?”

“सोता काढून तोंडात टाकायचे माझ्यादेखत. ह्या त्येंच्या उशीच्या अभ्र्यात घावल्या पाकिटासकट. तोंडात टाकायचे त्या कसल्या व्हत्या, देवाला ठावं.”

मी पाकिटं दोनदा मोजली. मग डबा तिला परत दिला.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आईने तिळगूळ दिला.

शुक्रवार, १७ जानेवारी. सांगली

कपाटामागचं चित्र चादरीत गुंडाळून एसटीने आणलं. मांडीवर. वडूज ते सांगली, कुणाला धरायला दिलं नाही.

सही नाही. माळ आहे, पण वाकडा. क्षितिजाची रेषा चार ठिकाणी तुटलेली, प्रत्येक ठिकाणी पुन्हा सुरू केलेली. डाव्या कोपऱ्यात रंगात बोटाचा ठसा.

कण घेतला. उद्या चाचणी.

शनिवार, १८ जानेवारी

जांभळा.

कल्लाप्पाकाकांना पत्र पाठवलं. नक्कल इथे:

“काका, नववं माळरान सापडलं. सरसावर काढलेलं आहे. ते आबांनी एकट्याने काढलं, आणि मी त्यांना ते लपवायला सांगितलं. ते मी प्रदर्शनात मधोमध लावणार आहे, फक्त त्यांच्या नावाने. उरलेल्या आठांवर दोन्ही नावं यावीत असं मला वाटतं. तुमच्या संमतीशिवाय तुमचं नाव लिहिणार नाही. पण अस्तराचा रकानाही खोटा भरणार नाही. हो किंवा नाही, शुक्रवार, २४ जानेवारीपर्यंत कळवा. – प्रांजल”