बर्फावरचा ब्रेक

अण्णा, तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली, आणि मी हे पत्र एका खेळामुळे लिहायला बसले आहे. खेळ टीव्हीवरचा. नात मे महिन्याच्या सुट्टीत आली ती तो सोबत घेऊनच. बाहेर लूचे गरम वारे चालतात, कूलरमध्ये दिवसातून दोनदा पाणी भरावं लागतं, आणि आमच्या सीपरी बाजारातल्या घराच्या पुढच्या खोलीत पडद्यावर बर्फ पडत असतो. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून दुपारी माझे हात रिकामे असतात, हे त्या पोरीच्या लक्षात आलं. दोन मुठींत धरायचा कंट्रोलर तिने माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “कुछ नहीं आजी, बस नीचे उतरना है.” हे असते तर आधी कुठली वायर कुठे जाते ते बघत बसले असते.

खेळ असा आहे. डोंगराच्या माथ्यावर पिवळा कोट घातलेली एक बाई उभी असते, पायाला लांब फळ्या बांधलेल्या. एक बटण दाबून ठेवलं की ती गुडघ्यात वाकते आणि वेग वाढतो. अंगठ्याखालची दांडी कलवली की वळते. दुसरं बटण दाबलं की फळ्या आडव्या होतात, बर्फ उडतो आणि वेग उतरतो, तो ब्रेक. वाटेत झेंड्यांच्या जोड्या रोवलेल्या असतात, एक जोडी लाल, पुढची निळी, आणि प्रत्येक जोडीच्या मधून जायचं. एखादी चुकली तर घड्याळात सेकंद वाढतात. पडलं तर बटण दाबून मागच्या झेंड्यापाशी पुन्हा उभं राहता येतं, जणू काही झालंच नाही.

पहिल्या दिवशी मी प्रत्येक लाल जोडीपाशी थांबले. नात म्हणाली, “रुक क्यों जाती हो आप?” मी म्हटलं, लाल आहे. तिला वाटलं मी थट्टा करते. तिला काय सांगू? आपल्या घरात वाढलेल्या कुणाचंही बोट तिथे ब्रेकवरच गेलं असतं. तुम्ही रेल्वेच्या इंजिनावर ड्युटीला निघताना आई लाल लुगडं नेसून दारात उभीसुद्धा राहत नसे. दोन दिवस पोर हसत होती आणि माझी पिवळ्या कोटाची बाई भर उतारावर आदबीने थांबत होती.

मग मी तुमची पद्धत काढली. इंजिनात ड्रायव्हर आणि असिस्टंट सिग्नल मोठ्याने म्हणतात, एकाने म्हटला की दुसऱ्याने तोच परत म्हणायचा. मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेताना तुम्ही हाच नियम लावला होता. मी म्हणायची, समोर टांगा. तुम्ही म्हणायचात, समोर टांगा. मग तुमची पाळी आणि मी मागून. एकदा मी नुसतं ‘हं’ केलं, तर सायकल उभी करून रागावलात. “हं म्हणजे काय दिसलं तुला?” आता नात शेजारी बसून म्हणते, “लाल, लेफ्ट,” आणि मी म्हणते, लाल, डावीकडे. चौथ्या दिवशी ती आपणहून ‘डावीकडे’ म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलत नाही. आता झेंड्यांपुरतं बोलते. माझं थांबणंही बंद झालं. याबद्दल तुमचे आभार मानायचे होते. पण पत्र एवढ्यासाठी नाही.

मी आठवीत होते. थंडीची सकाळ, दवाने ओले रूळ, भरलेली मालगाडी, उतार. तुमची गाडी लाल सिग्नल ओलांडून दोन डबे पुढे जाऊन थांबली. कुणाला काही झालं नाही, पण तुमचं इंजिन गेलं आणि यार्डातलं काम आलं. घरी त्याबद्दल तुम्ही एकदाच बोललात. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, ताटाला हात लावलेला नाही. “मी ब्रेक वेळेवर लावला होता,” तुम्ही म्हणता. आई लाटत राहते. शाळेत एका ड्रायव्हरची मुलगी मला म्हणाली, “तेरे पिताजी सो गए थे.” मी तिच्याशी भांडले नाही. मलाही तसंच वाटत होतं. ब्रेक लावला की गाडी थांबते, एवढंच मला ठाऊक होतं. सायकल तर थांबायची.

त्यानंतर तुम्ही रोज संध्याकाळी घरी असायचात. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये बदली होऊन गेलेल्या मराठी घरांनी मागे ठेवलेल्या पुस्तकांचं एक कपाट होतं. तुम्हाला वाचनाची आवड नव्हती; तुम्ही वरच्या फळीपासून ओळीने एकेक पुस्तक माझ्यासाठी आणायचात. एका आठवड्यात कादंबरी, पुढच्या आठवड्यात मधमाश्या कशा पाळाव्यात. माझी शाळा हिंदी. अक्षरं तीच होती, अडलेले शब्द मी आईला विचारायची. दहावीनंतर शिकले नाही, पण आज घरात दोन कपाटं पुस्तकं आहेत, आणि ती सगळी मी वाचली आहेत. इंजिन गेलं नसतं तर ती पुस्तकं आली नसती, आणि तुम्हीही एवढे मिळाला नसतात. हे तुम्हाला कधी बोलले नाही. बोलले असते तर इंजिन गेलं ते बरंच झालं, असं म्हटल्यासारखं झालं असतं.

काल आम्ही शेवटच्या डोंगरावर पोचलो. तिथला बर्फ मऊ नाही, काचेसारखा आहे. तीव्र उतार, पायथ्याशी लाल जोडी, तिच्या आधी वेग उतरला नाही तर वळताच येत नाही. मी वरूनच ब्रेक दाबला. फळ्या आडव्या झाल्या, पण बाई तशीच आडवी घसरत गेली आणि झेंडे बाजूने निघून गेले.

“ब्रेक लेट मारा आपने,” नात म्हणाली.

“मी वेळेवर लावला होता.”

“सब यही बोलते हैं, आजी.”

मी कंट्रोलर खाली ठेवला. शब्द तुमचे होते आणि आवाजही तुमचाच वाटला, समोरचा मानणार नाही हे आधीच कळलेल्या माणसाचा. पोरीला वाटलं मी रागावले. या खेळात उतरून झालं की सगळं पुन्हा दाखवतात. तिने ते लावलं. उताराच्या अगदी वरपासून बर्फावर आडवे ओरखडे सुरू झाले होते आणि खालपर्यंत तुटले नव्हते. तिने ते दोनदा पाहिलं. मग म्हणाली, “सच में, ऊपर से ही लगाया था. बर्फ ने पकड़ा ही नहीं.” आणि थोडं अडखळून, मराठीत, “तुझी चूक नव्हती, आजी.”

मी तिला तुमची सगळी गोष्ट सांगितली. ह्यांनाही कधी सांगितली नव्हती. डोळ्यांमुळे यार्डात गेले, असं सांगितलं होतं. तिने विचारलं, मग त्यांना कुणी असं म्हणालं का? मी नाही म्हटलं. ती कूलरमध्ये पाणी भरायला उठली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील. तरी एक सांगायला हवं. त्या दिवशी आई पोळ्या लाटत राहिली तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, “तुला तरी पटतं ना?” मी हो म्हटलं, आणि तुम्ही जेवायला सुरुवात केलीत. तेव्हा मला पटलं नव्हतं, अण्णा.