बोट माझं घर आहे

१४ मार्च
फिनिके बंदर, तुर्कस्तान. पुढच्या आठवड्यात निघायचं. आधी इझमीर, तिथे मेच्या शेवटी लेक नेस्रीनचं बाळंतपण, मग सिसिली. चहाच्या दुकानात सगळ्यांना सांगून टाकलं. बायको, फेरिहा, म्हणते, लेकीकडे जायला बस आहे की. मी म्हटलं, कॅप्टन नातवंडाला बघायला बसने जात नाही. शेजारच्या बोटीवरच्या शुक्रान हानमने, म्हणजे शुक्रानबाईने, कबूल केलंय, निघताना मागे पाणी ओतेन, म्हणजे पाण्यासारखे जाल, पाण्यासारखे याल.

२२ मार्च
कोरोनाची साथ आलीय, पासष्टीपुढच्यांनी घराबाहेर पडायचं नाही म्हणे. हरकत नाही. माझं घर बोट. घरच चाललं तर मी घरातच. बंदराच्या ऑफिसात फोन करून हे समजावलं. पलीकडचा हसला, म्हणाला, आजोबा, घर जागेवर ठेवा. तीस वर्षं भूगोल शिकवला मी. शिसारी आली.
शुक्रान हानमने दोर सोडायच्या आधीच पाणी ओतलं. अपशकुन तिथेच झाला. बूटही भिजले.

९ एप्रिल
संडासाची टाकी भरली. उपसणारी होडी येत नाही. पालिकेने म्हाताऱ्यांना हाताला चोळायला लिंबाचं कोलोन वाटलं, मी ते टाकीत ओतलं. आता घाणीला लिंबाचा वास येतो. मला लिंबू नकोसं झालंय. जेवायला परत राजमा, तोही पांढरा. फेरिहा म्हणते, अर्धा वास तुमच्या मोज्यांचा आहे. बाईला समुद्रातलं काही कळत नाही.

१० मे, रविवार
आज म्हाताऱ्यांना थोडा वेळ मोकळीक. मी गेलो नाही, इंजिन तपासायचं होतं. (तपासलं नाही. गुडघे.) फेरिहा मात्र गेली. परतली ती हसतच. कुणाकडून तरी बसची चौकशी करून आली होती. किळस आली मला.

२२ मे
बसने इझमीरला जायचा परवाना आला. फेरिहाने फोनवरून मिळवला, मला न विचारता माझंही नाव घातलं. मी म्हटलं, जूनमध्ये समुद्र खुला होतोय, तू हो पुढे, मी बोट घेऊन पोचतोच. तिने बॅग उचलली. शुक्रान हानमने टॅक्सीमागे तांब्याभर पाणी ओतलं. यंदा पाणी ओतल्यावर खरंच निघालेली ही पहिलीच.
बोटीवर फार शांत आहे. वास तोच.

१ जून
निघालो. इंजिन सुरू, दोर सोडले. बोट हलेना. बोटीखालच्या पंख्याला एवढ्या दिवसांत शिंपले चिकटलेत, बुळबुळीत, ओकारी यावी असे. वाऱ्याने आम्हाला हळूहळू आडवं नेलं आणि शुक्रान हानमच्या बोटीवर टेकवलं. ती तांब्या भरूनच बाहेर आली होती. माझ्याकडे बघितलं आणि पाणी पुदिन्याच्या कुंडीत ओतलं.
तेवढ्यात फोन. नेस्रीनला मुलगी झाली. पहाटेच. फेरिहाने विचारलं, कुठवर आलात? मी म्हटलं, वारा उलटा आहे. शुक्रान हानम तिकडून ओरडली, माझ्या दारापर्यंत आलेत गं.
फेरिहा हसली नाही. म्हणाली, बाळाचे डोळे तुमच्यासारखे आहेत.

संध्याकाळ
मोजे धुतले. परवान्यावर नाव आहेच. बस सकाळी आहे, असं शुक्रान हानम म्हणाली. माझ्यामागे पाणी ओतशील का, हे विचारायचं धाडस झालं नाही.