उंबऱ्यावरचा धवला

प्रिय मास्तर,

नवऱ्याला कुणी मास्तर म्हणतं का, असं माझी आई विचारायची. पण सगळा गाव म्हणायचा म्हणून मीही म्हणत गेले, आता बदलून काय करू? लिहायचं कारण असं की येत्या गुरुवारी आपल्या हिराला हळद लागतेय. घर पाहुण्यांनी भरलंय आणि त्या वेळी उंबऱ्यावर कोण बसणार, यावरून आठवडाभर वाद चालला होता. तो काल मिटला. कसा मिटला ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला काही सुचेना.

उंबरा म्हटल्याबरोबर तुम्ही तिथे कान टवकारले असतील. तुमची खोड मी विसरले नाही.

आपल्या लग्नातच ती सगळ्यांना कळली. आपल्यात लग्न लावते ती धवलारीण. ती धवले गाते, आणि ती जे गाते ते तिथल्या तिथे करायचं. तांदूळ सडा म्हणाली की सडायचे, हळद लावा म्हणाली की लावायची. तुम्ही तुमच्या घरी पाटावर बसलेले, अंगभर हळद, मांडीवर वही. धवलारीण भागीमावशी रंगात आलेली, आणि तुम्ही म्हणालात, "मावशी, जरा थांब, ते मघाचं पुन्हा म्हण."

"म्हनते रं बाबा," मावशी म्हणाली, "पन पुना म्हनली का पुना करावा लागल."

आणि तुम्ही, शिकलेसवरलेले मास्तर, म्हणालात, "चालेल."

तुमचं चाललं. हाल आमचे झाले. नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लागते, ती घेऊन तुमच्याकडच्या बायका खाडी ओलांडून आल्या, आणि परत गेल्या न गेल्या तोच पुन्हा हजर. तोवर ओहोटी लागली होती. होडी रुतली, आणि तुमची आत्या ताट डोक्यावर धरून, गुडघाभर चिखलातून, तुमच्या नावाने बोटं मोडत आली. मला दुसऱ्यांदा हळद फासताना आमच्या बायका विचारत होत्या, "नवरा एकच हाय ना गो?"

ती हळद घरात आली की माजघराचं दार लोटून बायका तो उंबऱ्यावरचा धवला म्हणतात. नवऱ्या मुलाच्या कानावर तो जाऊ द्यायचा नाही, कारण त्यात त्याच्याबद्दल बरंच काही असतं. आत बसलेलीने तो बाहेर सांगायचा नाही. पुरुषांत ऐकतो एकटा मुलीचा बाप, उंबऱ्यावर, दाराकडे पाठ करून. आणि त्याने ऐकला की तो त्याचा. कुणाला सांगायचा ते त्याने ठरवावं. तुमच्यामुळे आमच्याकडे तो दोनदा म्हणावा लागला आणि मला तोंडपाठ झाला. जन्मभर जे शोधलंत, ते मला तुम्हीच पाठ करून दिलंत, मास्तर.

माझ्या बाबांना तुम्ही लग्नानंतर गाठलंतच. ते म्हणाले, "मी रडत व्हतो रं, मना काय आयकू आला न्हाय."

मग माझ्या मागे लागलात. बांगड्या आणल्यात, अलिबागहून खाजं आणलंत. मी भांडी घासताना गुणगुणले की मागच्या पडवीत चोरासारखे येऊन उभे राहायचात, आणि मी लगेच दुसरंच गाणं धरायची. मला लिहायला शिकवलंत त्यातही तुमचा डाव होता, हे मला माहीत होतं. बायकांत पुरुषाला जाता येत नाही, बायको जाईल आणि लिहून आणेल! पहिलं अख्खं वाक्य लिहायला सांगितलंत तेव्हा मी पाटीवर लिहिलं, "तो धवला मिळणार नाही." तुम्ही किती हसलात. मग गंभीर चेहरा करून एका अक्षराची वेलांटी तेवढी सुधारलीत.

तुमच्या मुंबईच्या मंडळात मला नेलंत, ते तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. लोकगीतांचा अभ्यास करणारी ती मोठी माणसं, उपरणी, चष्मे, टेबलावर तांब्याभांडं. एका गृहस्थांनी आपला हळदीचा धवला वाचला, "लावा गो लावा" म्हणाले, आणि कुणी जागचं हललं नाही. मी इकडेतिकडे पाहत राहिले. शेवटी उठणारच होते, तुम्ही पदर ओढून बसवलंत. मग तुम्ही उंबऱ्यावरच्या धवल्याबद्दल बोललात आणि तिथे दोन तट पडले. कुणीही न ऐकलेल्या गाण्यावरून एवढं भांडण! त्यातल्या एका म्हाताऱ्यांचा अंदाज बराच बरोबर होता, हे आज सांगते. मला ती माणसं आवडली. आपल्या बायकांची गाणी इतकी मनावर घेणारं दुसरं कोण होतं?

हिरा चालायला लागली तसे तुम्ही माझी विनवणी सोडलीत. "बापाला तर ऐकता येतो ना? मग हिराच्या लग्नात ऐकतो." तुमच्या धवल्यांच्या पुस्तकाच्या बाडात तेवढी पानं कोरी ठेवलीत. पोरीच्या लग्नाची अशी वाट बघणारा बाप गावाने पाहिला नव्हता. आणि दोन पावसाळ्यांपूर्वी साध्या तापाचं निमित्त करून निघून गेलात. एवढी वाट पाहिलीत, अजून थोडी पाहायची होती. याचा मला राग आहे, आणि तो जाईलसं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात मंडळाचे चिटणीस आगबोटीने रेवसला उतरून, बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत आले. पुस्तक छापायला चाललंय. "वहिनी, कोऱ्या पानांवर 'अनुपलब्ध' असं छापू का?" म्हणाले. मग चहाची कपबशी फिरवत हळूच, "की मीच बसू उंबऱ्यावर?" लग्न न केलेला माणूस मुलीचा बाप व्हायला निघाला! मला हसू आलं. पण तुमच्यावर फार जीव आहे त्यांचा.

तुमचे धाकटे भाऊही तयार होते. पण भावजींना डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने ते कुणाचं ऐकत नाहीत. शिवाय गाणं संपेपर्यंत त्यांना झोप लागणार. मी आपली पाहुण्यांचं बघत होते. कुंकू गेलेल्या बाईने अशा वेळी पुढे व्हायचं नसतं.

काल भागीमावशी आली. आता तिला दिसत नाही, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून येते. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यमुना कुठं हाय? बाप न्हाय तर बापाची जागा आईची. तू बस."

आत्या म्हणाली, "अगो, ती बाईमानूस, त्यात..."

"धवला तू म्हनतेस का मी?" मावशी म्हणाली. "मी म्हनली ना? मग आता करावा लागल."

संपला वाद. मी चुलीपाशी जाऊन मनसोक्त रडले, आणि मग मला हसू फुटलं. तुमच्या लक्षात आलं का, मास्तर? उंबऱ्यावर बसून ऐकला की तो माझा. कुणाला सांगायचा ते मी ठरवायचं.

चिटणीसांना निरोप धाडलाय, 'अनुपलब्ध' छापू नका, थोडं थांबा. गुरुवारी मी दाराकडे पाठ करून बसेन, तुमची वही मांडीवर घेऊन. अर्धा उंबरा रिकामा ठेवीन, कारण तुम्ही आल्याशिवाय राहणार नाही. तो धवला अक्षर न् अक्षर लिहीन, आणि छापायला देण्याआधी मागच्या पडवीत तुम्हाला वाचून दाखवीन. हे माझं वचन.

फक्त मधे बोलू नका. मावशीला पुन्हा म्हणायला लावलंत तर पोरीला दोनदा हळद लागेल.

आणि लागली तर लागू दे. मला दोनदा लागली होती, माझं काय वाईट झालं?

तुमचीच,
यमुना