न फुटलेलं लिंबू

मंगळवार, संध्याकाळ

आज घोडबंदर रोडवर गाडी परत बंद पडली. तिसऱ्यांदा. वीस वर्षं जिच्यासाठी झुरलो, ती ही लाल स्पोर्ट्स कार! शोरूमवाले म्हणतात, फॉल्टच सापडत नाही. आईचं एकच, "पूजेला चाकाखालचं लिंबू फुटलंच नव्हतं रे, निसटलेलं." तेव्हा मी हसलेलो.

टो करून आणली, अंगणातल्या उतारावर हँडब्रेक ओढून उभी केली. आईने गुपचूप चाकापुढे नवं लिंबू ठेवलं. चिडलो, पण उचललं नाही.

दिवेलागणीला बाहेर आलो तर लिंबू चाकाखाली चिरडलेलं. चावी माझ्याच खिशात. उताराखाली, तुळशीपाशी, गाडीकडे पाठ करून आई दिवा लावत होती. हात धरून तिला ओढतच घरात आणलं.

ती मात्र खूश. "बघ, या वेळी फुटलं!"