चहा दहा मिनिटं आधी ओतला तर

बाई, घातांकी फलाची ती एक वक्ररेषा मला शिकवण्यात तुमचं खरं काय गेलं, याचा हिशोब आज मनाशी मांडला. फी तुम्ही कधी घेतली नाहीत. गेला तो रविवारचा चहा. माझ्यापायी दर वेळी तो गार व्हायचा आणि तुम्ही तसाच प्यायचात.

भोसरीतली तुमची ती एक खोली. मी वर्कशॉपमधून तेलकट हातांनी येतो. तुम्ही आधी साबण पुढे करता, मग कपाकडे बोट दाखवता. "हा आधी भराभर निवणार, नंतर हळूहळू. पण खोलीपेक्षा गार होईल?" नाही. मग? ती उतरती रेघ तुम्ही ट्रेसिंग पेपरवर काढलेली असते. तो आलेखाच्या कागदावर ठेवून तुम्ही सरळ वर सरकवता. "आता मे महिना. वळण तेच, फक्त तळ वर आला. सुरुवातही तेवढीच वर गेली असं धर." मी म्हणतो, "बाई, मग चहा उतू जाईल." "जाऊ दे, गणितात पुसावं लागत नाही. आता सांग, हाच चहा दहा मिनिटं आधी ओतला असता तर?" "दहा मिनिटं आधी निवला असता." "मग?" "रेघ डावीकडं." "आणि सूत्रात वेळेला अधिक दहा. कळलं का, राजा?"

तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी चाकणला स्वतःची पहिली भट्टी उभी करण्यात बुडालो होतो. आज शेडभर मशिनी चालू असल्या तरी कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते मला ऐकू येतं. तुमचं ते "मग?" मात्र कुठंच येत नाही.

काल माझी अकरावीतली मुलगी वही मिटून म्हणाली, "पप्पा, अधिक तीन आहे तर रेघ डावीकडे का? मला नाही जमत. मी गणित सोडते."

"थांब गं. भट्टीचे आलेख मी दारातूनच वाचतो. हे तर माझ्या हातचं आहे."

चहा ओतला, ट्रेसिंग पेपर शोधला आणि तुमच्याच शब्दांत सगळं सांगितलं. तिनं कप पुढ्यात ओढला. मग तिनं वही उघडली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, त्यामुळे राहील इथंच. फक्त एक सांगतो. अधिक तीनला कागद मी उजवीकडे सरकवला होता. डावीकडे तिनं आणला.