दोर मेव्हण्याच्या हाती

श्रीशैलम,
६ जून २०२६, अधिक ज्येष्ठ

चि. रविराज यास आईचा पोटभरून आशीर्वाद.

आमी सगळे खुशाल हाव. तू टायमावर जेवतोस का? मांडणीवरल्या बरणीत लोणचं हाय. गाईला सांजच्याला पाणी दाव, न्हाईतर बसशील मोबाईल बघत. आता म्हणशील, आईला काय येड लागलं, फोन असून कागद लिहितीया. अरे, फोनवर एक नाव काढलं की तू फोन ठेवतोस. कागदाला काय करशील?

हे पत्र तुझे भागवतकाका दिंद्रुडला आणून देतील. मी त्यांच्यासंगं कावून आले न्हाई, ते मागून सांगते. आधी सगळं वाच. शेवट आधी वाचायची तुझी लहानपणची खोड मला ठाऊक हाय.

हैदराबाद सोडलं आन दोन-अडीच घंट्यांनी जंगल लागलं. रविराज, जंगल म्हणजे काय ते मला आजवर ठाऊकच नव्हतं रे! आपल्याकडं घडीभर टेकायचं तर बाभूळ हुडकावी लागती. हितं उन्हानं पानं झडलेली, तरी झाडं काही संपंनात. साग, बांबू, आन नावं ठावी नसलेली कितीतरी. डोंगरामागं डोंगर, आन सगळ्यांवर झाडच झाड. घाटात गाडी तापली म्हणून डरायव्हरनं इंजिन बंद केलं, तर असं गप झालं की आमच्या गाडीतल्या बायाबी बोलायच्या थांबल्या. आता बोल! माझ्या अंगावर काटा आला. हात आपोआप जोडले गेले, समोर ना देऊळ ना मूर्ती.

तिथंच सडकेला लागून चेंचू लोकांची वस्ती व्हती. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या रानातच राहतेत. मध, डिंक, कंदमुळं आणून पोट भरतेत. एका म्हातारीनं आमाला माठातलं पाणी दिलं. आपल्या वनमालाकाकूचं माहेर देगलूरकडचं, तिला तेलुगू येती, म्हणून बोलणं झालं. मी म्हणले, "मावशी, तुमच्या देवाला चाललाव." तर ती हसली. म्हणली, "देव तुमचा. आमचा तर जावई हाय तो."

मला वाटलं, चेष्टा करती. पण न्हाई. ती लोकं खरंच मल्लिकार्जुनाला जावई मानतेत. शंकर शिकारीच्या रूपात त्यांच्या रानात आला, त्यांच्या पोरीवर त्याचा जीव बसला, आन लग्न लावून मोकळा झाला म्हणं. मी इचारलं, "आईबापाला इचारलं का त्यानं? राग न्हाई आला कुणाला?" म्हातारी म्हणली, "आला की. पण पोरगी गेली त्याच्या घरी. राग घेऊन आमी कुठं बसायचं?"

तेवढ्यात खालून कुणीतरी मोठ्यांदा हाळी दिली. म्हातारी आमाला घरांच्या मागं घेऊन गेली. दहा पावलं चाललाव तर जमीनच संपली! खाली दरी, आन तळाला नदी करदोट्याएवढी. कड्याला एक गडी दोरावर लोंबकळत व्हता. पाठीला टोपली, हातात धुराचा पेंढा, भवताली मधमाश्यांचं मोहळ. मी डोळे मिटले, उघडले, परत मिटले. वर दुसरा गडी. दोराचा येढा झाडाच्या बुंध्याला देऊन टोक त्यानं कमरंला बांधलं व्हतं, आन दोन्ही हातांनी दोर आवळून धरला व्हता. त्याच्या तोंडावर माशी बसली, तरी त्यानं हात हलवला न्हाई. बाकीची माणसं नुसती उभी व्हती. कुणीच दोराला हात लावत नव्हतं.

मी म्हणले, "अवं, चार जणांनी धरा की!"

म्हातारी म्हणली, "न्हाई चालत. दोर बायकोच्या भावानंच धरायचा. सख्ख्या भावाच्या हातीबी देत न्हाईत."

"कावून?"

"दुसरा कुणीबी एखाद्यावक्ती सोडील. बायकोचा भाऊ कसा सोडील? खालचा पडला तर कुकू कुणाचं पुसंल? त्याच्याच बहिणीचं ना?"

रविराज, मी तिथंच मटकन खाली बसले. वनमालाकाकूला वाटलं मला ऊन लागलं. तिनं पदर भिजवून माझ्या डोक्यावर ठेवला. ऊन लागलं नव्हतं रे.

तो गडी टोपलीभर मध घेऊन वर आला. दोर धरणाऱ्याचे तळवे सोलून निघाले व्हते. तर वर आलेला त्याला काय म्हणला असंल? वनमालाकाकूनं सांगितलं, "लई वेळ लावलास बे वर घ्यायला," असं म्हणला. आन दोघं खिदळत बसले! माझ्या डोळ्यांची धार मात्र थांबंना.

काल दर्शन झालं. पिंडीला कपाळ टेकवलं, गार लागलं. तोंडातून देवाचं नावच निघालं न्हाई. निघालं ते "जावईबापू, सांभाळा". बाजूचा पुजारी बघतच राहिला. देव एवढा मोठा, एवढ्या जंगलाचा, डोंगराचा मालक, आन तो त्या फाटक्या लुगड्याच्या म्हातारीचा जावई. तिला त्याचं ओझं न्हाई आन त्याला तिची लाज न्हाई. मी चकित झाले बाबा. अजून हाय.

आता ऐक. आपल्या तेजूचा नवरा प्रविण खांबावरून पडला, हे तुला ठाऊक हाय. तू मला सांगितलं न्हाईस, पण ठाऊक हाय. तेजूनं पहिला फोन तुला केलता, मला न्हाई. दवाखान्याच्या दारात उभी व्हती ती, आन तू तिचा आवाज ऐकून फोन ठेवलास. तिनं तुझी कागाळी केली न्हाई. मीच खोदून खोदून इचारलं.

लाईनमन माणूस, रोज दोरावरच असतो. पाय मोडलाय, जीव वाचलाय. पलास्तर मांडीपस्तोर हाय, एस.टी.त बसता येत न्हाई. जातीबाहेरचा हाय म्हणून तू दोन वर्सं त्याचं तोंड बघितलं न्हाईस. पण धोंड्याचा महिना चाललाय. तीन वर्सांतून एकदा येतो, लेक-जावयाला जेवू घालायचा महिना. तेजूचा हा पहिलाच. बाप हयात न्हाई तिला. मुराळी म्हणून बहिणीला आणायला कुणी जायचं, मला सांग!

मी लातूरला उतरून तेजूकडं राहणार हाय. अमावस्येच्या आत पिकअप घेऊन ये. मागं गादी टाकून आण, पाय हलला न्हाई पाहिजे. तू आला न्हाईस तर मी तिथंच पुरण घालीन, तिथंच धोंडे तळीन, आन जावयाचे पाय तिथंच धुवीन. माझं काही अडणार न्हाई. पण ताटाशेजारी एक पाट मांडलेला राहील, आन तेजू दर गाडीच्या आवाजाला दाराकडं बघंल. ते बघायचं बळ माझ्यात न्हाई.

भागवतकाकांकडं मधाची बाटली दिली हाय. फोडू नको. येताना संगं आण. प्रविणच्या ताटात पहिलं बोट तूच वाढायचं.

तुमा तिघांची आई,
सुंदरबाई